मी उठल्यावर सुरू होणारं काम

सोमवार, ३ फेब्रुवारी

एक पान उघडायला एवढा वेळ, की मी मधे उठून दूध तापवून आले! परत आले तरी गोल चक्र फिरतंच होतं. आठवीच्या भूगोलाची प्रुफं. पान म्हणजे तरी काय — एक नकाशा आणि खाली चार ओळी. गेल्या महिन्यापर्यंत बोट ठेवलं की उघडायचं.

कॉम्प्युटरचा पंखा असा घोंघावतो, की खोलीत पिठाची गिरणी चालू आहे असं वाटावं. मधेच कोपऱ्यात लाल ढाल उगवते. 'संशयास्पद हालचाल आढळली.' मी 'नंतर बघू' दाबते. ढाल जाते. पुन्हा येते. माझ्यापेक्षा तिची चिकाटी जास्त.

प्रकाशनवाल्यांचा फोन — "बाई, पानं कधी?" म्हटलं, वाचायला मी तयार आहे हो, उघडायला यंत्र तयार नाही!

हे खिडकीपाशी, नेहमीच्या खुर्चीत. ऐकत होते. ऐकतात सगळं. गेल्या वर्षीच्या झटक्यात उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी गप्पा मारणारा माणूस! एकच शब्द उरला — 'नाही'. चहा हवा? नाही. नको? नाही. त्या एका शब्दावर आमचा संसार चाललाय.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ढाल, पंखा, गोल चक्र. दिवसभरात जेमतेम दोन पानं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

लेकीला फोन लावला. ती तिकडे तिच्या गावी, मी इकडे, मधे हे आजारी यंत्र.

"आई, तीन कळा एकदम दाब."

"दोन्ही हात गुंतले. फोन कशाने धरू?"

"स्पीकरवर टाक ना गं!"

दाबल्या. आणि काय उघडलं — यादी! आत्ता या क्षणी यंत्रात काय काय चाललंय, त्याची. संपेचना. एक जण घड्याळ जुळवतोय. एक जण छपाईच्या यंत्राची विचारपूस करतोय. एक अक्षरांचे साचे सांभाळतोय. आणि एक तर नुसता मी कळ दाबते का, एवढ्यावरच डोळा ठेवून बसलाय! दुसरं काही कामच नाही त्याला. इतकी वर्षं मला वाटायचं, या टेबलाशी मी एकटी काम करते. इथे तर गाव वसलंय!

लेक म्हणाली, "अगं, जुना अँटिव्हायरस काढलाच नाहीस?"

गेल्या महिन्यात आली होती तेव्हा तिने नवा बसवून दिला. जुन्याची मुदत संपली होती, म्हणून मला वाटलं तो आपोआप गेला असेल. गेला नव्हता. ठाण मांडून बसला होता.

"एका दारावर दोन वॉचमन, आई. तू पान उघडलंस की आधी हा झडती घेणार, मग तो. आणि हा झडती घेतोय हे बघून त्याला हाच चोर वाटणार!"

मी मोठ्याने हसले. खुर्चीतून हेही हसले — डाव्या बाजूने.

विचारलं, "म्हणजे मी उघडते ती प्रत्येक फाइल हा आधी आत शिरून वाचतो?"

"प्रत्येक. तुझ्यासारखाच. कुठे काही चुकीचं दिसतंय का बघतो."

प्रूफरीडर! माझ्याच जातकुळीचा निघाला की. मी दिवसाला पाच-पंचवीस पानं वाचून डोळे चोळत उठते. हा लाखो फायली वाचतो, कंटाळत नाही, चहा मागत नाही. मनातल्या मनात हात जोडले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

जुना वॉचमन काढला. पण तो काय सुखासुखी जातोय! 'खरंच जाऊ का?' 'तुमचा संगणक असुरक्षित होईल.' 'जाण्याआधी एक सवलत बघता का?' माहेरहून निघालेल्या लेकीसारखा दारात तीनदा थांबला. मग यंत्र बंद करून चालू. तरी त्याचं सामान मागे राहिलंच. ते आवरायला त्याच कंपनीचा एक वेगळा झाडू मिळतो. लेकीने बजावलं, "तो फक्त त्यांच्याच साइटवरून घे, दुसरीकडून घेतलास तर झाडूतूनच साप येईल." घेतला, मारला, पुन्हा बंद करून चालू.

पानं पटापटा उघडली! एका बैठकीत अख्खा 'वारे' धडा वाचला. समशीतोष्णमधला 'शी' दोन ठिकाणी ऱ्हस्व होता. धरला.

पंखा मात्र आहेच.

रविवार, ९ फेब्रुवारी

एक विचित्र गोष्ट लक्षात आलीय. लिहू की नको, वेडी म्हणतील. पण इथे वाचणारं कोण आहे!

मी कामाला बसले की पंखा गप्प. मी उठले की सुरू.

आज मुद्दाम तपासलं. उठले, स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. थोड्या वेळात — घूंऽऽ. पिठाच्या हातांनी धावत आले, माउसला कोपर लावलं. शांत! बाई वर्गाबाहेर गेल्या की पोरांनी गलका करावा, आणि बाई दारात दिसल्या की सगळी पोरं पाढे म्हणत बसावीत, तसं.

यंत्राला कळतं, मी आहे की नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

पकडलं.

ती यादी उघडी ठेवली आणि दारात जाऊन उभी राहिले. लांबचा चष्मा लावला, यांनीच करून दिलेला. खोलीभर अंतरावरून आकडे स्वच्छ दिसतात. थोडा वेळ काही नाही. मग खालून एक ओळ उठली. कधी न ऐकलेलं इंग्रजी नाव. भराभर वर चढली, सगळ्यांना मागे टाकून पहिली जाऊन बसली. यंत्राची जवळजवळ सगळी ताकद त्या एकट्याला! मी पुढे झाले, माउस हलवला — खाली घसरली, जणू आपण त्या गावचेच नाही.

माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, माझ्या येण्याजाण्यावर नजर ठेवून कोणीतरी काहीतरी करतंय! माझी बँक, यांचे दवाखान्याचे कागद, लेकीचे फोटो, सगळं यातच.

तेवढ्यात ढाल उगवली. या वेळी मी 'नंतर' म्हटलं नाही. पूर्ण वाचलं. 'अनोळखी प्रोग्राम. विलगीकरणात ठेवायचा?'

ठेव बाबा! ठेवला.

पंखा थांबला. घर इतकं शांत झालं की यांचा श्वास ऐकू आला. यंत्र रिकामं असताना पडद्यावर ते ताऱ्यांचं नक्षीकाम फिरायचं, तेही गेलं. नुसता काळा पडदा. जाऊ दे, वीज वाचली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज हे बोलले! दुसरा शब्द!

सकाळपासून बिनसलेलं होतं. जेवले नाहीत. तोंड भिंतीकडे. मी घास पुढे केला तर डाव्या हाताने ताट सरकवलं आणि म्हणाले, "वर."

माझ्या हातातला चमचाच पडला. "काय? काय म्हणालात?"

"वर! वर!"

लेकीला फोन केला, दोघी रडलो. एक वर्ष 'नाही' ऐकल्यावर 'वर' म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक. मग लागले शोधाला. वर म्हणजे माळा! शिडी लावली. बॅगा काढल्या, जुन्या चष्म्याच्या फ्रेमींचं खोकं काढलं, लेकीची तीनचाकी सायकल काढली. एकेक वस्तू आणून समोर धरली. "ही?" "नाही." "मग हे?" "नाही!" शेवटी चिडून हात झटकला. तीनचाकी घरंगळत दारापर्यंत गेली.

संध्याकाळी सगळं परत वर चढवलं. कंबर धरली. पण शब्द आला!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा फुलला. म्हणाल्या, "शब्द उगाच येत नाही. त्यांना काहीतरी हवंय, आणि ते इतकं हवंय की शब्द फुटला. शोधा. पण त्यांच्या तोंडाकडे बघू नका, मानेकडे बघा. तोंडातून 'नाही' आलं तरी मान खरं बोलते."

वर म्हणजे गच्ची असेल, असं मनात आलं. दुपारी लिफ्टने घेऊन गेले. हात धरून कठड्यापाशी उभे राहिलो. लख्ख ऊन. हे खाली रस्त्याकडे बघेनातच. मान मागे टाकून आभाळाकडे बघत राहिले. बघता बघता डोळे भरून आले.

"इथेच यायचं होतं?"

"नाही."

मान हलली — अर्धी हो, अर्धी नाही. अशी कधी हलवत नाहीत. जवळपास पोचलेय मी. पण कशाच्या?

शनिवार, १५ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहिते.

विलगीकरणातल्या त्या पाहुण्याचं काय करायचं, म्हणून फॉरमॅटरावांना बोलावलं होतं. कोपऱ्यावरचे कॉम्प्युटर दुरुस्तीवाले. नाव आमच्या लेकीने ठेवलेलं. कुठलंही दुखणं सांगा, औषध एकच. स्वभावाने मात्र देवमाणूस.

त्यांनी यादी बघितली, ढालीची नोंद बघितली, च्यक् च्यक् केलं.

"मायनिंगवाला दिसतोय, काकू. हल्ली फार आहेत. तुमच्या मशीनला राबवून तिकडे कोणीतरी पैसे पाडतं. वीज तुमची, कमाई त्याची. फॉरमॅट मारू, सगळं साफ."

एवढं बोलून त्यांनी पिशवीत हात घातला — आणि हे उठले.

आधाराशिवाय! खुर्चीच्या दांडीवर जोर देऊन उठले, तीन पावलं फरफटत आले आणि डाव्या हाताने फॉरमॅटरावांचं मनगट धरलं. मी सोडवायला गेले. सुटेना. "वर," म्हणाले. "वर. वर." चेहरा लालबुंद.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता, नाहीतर ओरडला असता. फॉरमॅटराव हळूच खाली बसले, यांना खुर्चीत बसवलं, मनगट त्यांच्याच मुठीत राहू दिलं. आणि पडद्यावरच्या त्या नावाकडे बोट करून विचारलं —

"काका, हे तुमचं आहे?"

"नाही," हे म्हणाले.

आणि मान! मान खाली-वर, खाली-वर, थांबेचना. हो, हो, हो.

माळा उपसला, गच्ची गाठली, आणि ज्याच्याकडे हे दिवसभर तोंड करून बसतात ते यंत्र माझ्या डोक्यात आलं नाही!

फॉरमॅटरावांनी पिशवी बाजूला ठेवली. म्हणाले, "काका म्हणतात म्हणून सोडायचं नाही, आणि ढाल म्हणते म्हणून मारायचं नाही. बघू कोण आहे." आधी त्याचं फोल्डर शोधलं. तारीख बघितली. आमची लेक कॉलेजात होती तेव्हाचं! "चोर इतकी वर्षं राहत नाही काकू. आणि राहिला तरी दारावर पाटी लावून राहत नाही. हा बघा, सरळ स्वतःच्या नावाने नांदतोय." मग प्रोग्रामवर बनवणाऱ्याची सही असते, कॉम्प्युटरला वाचता येणारी, ती तपासली. जुळली. मग ते नाव त्यांनी आपल्या फोनवर शोधलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

"काकू," म्हणाले, "हे आकाशवाले आहेत."

"कोण?"

"शास्त्रज्ञ. त्यांच्या मोठमोठ्या दुर्बिणी आकाशाचा आवाज टिपतात. इतका, की त्यातून शोधायला त्यांची यंत्रं पुरत नाहीत. मग ते त्याचे तुकडे करतात आणि घरोघरी पाठवतात. ज्याने आपणहून नाव दिलंय त्याच्या घरी. तुम्ही उठून गेलात, की तुमचं रिकामं मशीन त्यांचा तुकडा तपासत बसतं. तुम्ही आलात, की बाजूला होतं. उत्तर निघालं, की परत पाठवतं आणि नवा तुकडा घेतं. काकांनी नाव दिलं होतं."

"आणि शोधतं काय?"

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "मेलेले तारे. सूर्यापेक्षा जड, पण एवढेसे, एखाद्या शहराएवढे. स्वतःभोवती गरगरतात. समुद्रावरच्या दीपगृहासारखा त्यांचा झोत फिरतो. प्रत्येक फेरीला एक टिक. ती टिक इतकी बारीक, की सगळ्या गोंगाटात हरवते. ती शोधायची."

यांनी मनगट सोडलं होतं. डावा हात छताकडे गेला, एक बोट वर.

"वर," म्हणाले. मऊ आवाजात.

मी म्हटलं, "अहो, सांगितलं का नाहीत कधी?"

यांनी स्वतःचा कान धरला आणि बोट माझ्याकडे केलं. सांगितलं होतं म्हणे! असेल. दोन धड्यांच्या मधे काहीबाही सांगत असतील आणि मी 'हं, हं' केलं असेल.

रविवार, १६ फेब्रुवारी

डोक्यातून जात नाही.

मी भात लावत होते, तेव्हा या खोलीत तारा शोधणं चाललं होतं. मी भाजी निवडत होते, पाहुण्यांना चहा देत होते, यांच्या आजारपणात दवाखान्यात होते — यंत्र चालूच असायचं, बंद करायचं कोणाच्या लक्षात येणार! तेव्हाही शोधणं चाललं होतं. हे पलंगावर अबोल पडलेले, आणि इकडे यांचं काम सुरूच!

आणखी एक. फॉरमॅटरावांनी जाता जाता वाचून दाखवलं. प्रत्येक तुकडा एका घरी नाही, दोन घरी पाठवतात. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. दोन्ही उत्तरं जुळली, तरच खरं मानायचं. ऐकून मी ताडकन उठले. आमचीच पद्धत! महत्त्वाचं पुस्तक असलं की दोन वाचक. दोघांनी स्वतंत्र वाचायचं, मग खुणा ताडून बघायच्या. पूर्वी प्रत्येक पुस्तकाला होत असे. आता प्रकाशनवाले म्हणतात, एकात भागवा.

म्हणजे जगात आणखी एक खोली आहे. तिथेही एक यंत्र घोंघावतंय. कोणीतरी उठून गेलंय — मुलाला झोपवायला, कपडे वाळत घालायला. आणि आमच्याकडे आलेला आकाशाचा तोच तुकडा त्या घरीही तपासला जातोय. त्यांना आम्ही ठाऊक नाही. आम्हाला ते ठाऊक नाहीत. दोघांचं उत्तर मात्र जुळायला हवं!

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आणि मी नवा वॉचमन आणून बाबांच्या पाहुण्याला कोंडलं."

तिची काय चूक! ती तर घर सांभाळत होती.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज यंत्राला मोकळा श्वास.

फॉरमॅटराव आले. (हे नाव आता बदलायला हवं. फॉरमॅट न करताच सगळं केलं!) शनिवारी त्यांनी तो प्रोग्राम ढालवाल्या कंपनीलाही तपासायला पाठवला होता. उत्तर आलं — निर्दोष, चुकून पकडला. मग विलगीकरणातून सोडवला आणि ढालीला सांगितलं, की हे एवढं एक फोल्डर वगळ. मी विचारलं, ढाल बंदच का करू नये? म्हणाले, "छे! एका ओळखीच्या माणसासाठी दार सताड उघडं टाकतं का कोणी? त्याच्यापुरती चिठ्ठी दिली, बास."

यंत्र मंदावलं होतं त्याचं कारणही कळलं. तो प्रोग्राम सारखं काहीतरी लिहून ठेवायचा, आणि नवा वॉचमन प्रत्येक वेळी ते उघडून बघायचा. तेवढ्यात जुना वॉचमन या नव्यावर धावायचा. तिघांच्या मारामारीत माझा भूगोल चिरडला जात होता.

शेवटी यंत्राचं खोकं बाल्कनीत नेऊन उघडलं. पंख्यावर धुळीची गादी! हवेचा झोत मारला तर कापूस पिंजल्यासारखं उडालं. आम्ही दोघं शिंकून शिंकून बेजार. 'आता अर्धीच ताकद वापर' असंही त्या प्रोग्रामला सांगून ठेवलं, म्हणजे तापणार नाही.

जोडलं, सुरू केलं, आणि सगळे टेबलापासून लांब सरकलो. वाट बघितली.

पंखा फिरला. हलकेच. गिरणी नाही, कुजबुज. पडद्यावर काळोख पसरला आणि त्यात तारे उगवले. ज्याला मी नक्षी म्हणत होते, ते! एक मोठा पारदर्शक गोल, त्यावर सगळं आकाश, हळूहळू फिरणारं. आणि त्यात एक छोटी खूण सरकत होती. फॉरमॅटराव म्हणाले, "ही खूण म्हणजे तुमचं मशीन आत्ता आकाशात कुठे शोधतंय ती जागा."

मी यांच्याकडे बघितलं. कसं लिहू? चेहऱ्याची दोन्ही अंगं एकसारखी दिसत होती.

यांच्या शेजारी मोडा ओढून बसले. प्रुफं तशीच पडली. प्रकाशनवाल्यांचा फोन वाजून वाजून थांबला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

त्या साइटवर यांचं खातं आहे. पासवर्ड मागतं. मला कुठून ठाऊक! यांना लिहिता येत नाही. डाव्या हाताने नाव गिरवायला दिलं तर रेघोट्या होतात, मग कागद चुरगळतात.

तरी खुर्ची टेबलाशी नेली. कळफलक समोर ठेवला. "आठवतो?" — "नाही." मान गप्प. बोट अधांतरी. बघवेना, म्हणून मी खिडकीबाहेर बघायला लागले. समोरच्या गॅलरीत कोणीतरी गालिचा झटकत होतं.

मागे आवाज आला. टक. टक टक. टक.

वळले नाही. टक टक, थोडं थांबून, टक. आणि मग ती मोठी कळ — ठक!

उघडलं.

माझ्या वाट्याला फक्त ठिपक्यांची ओळ. कुठला शब्द होता, मला कळलं नाही, आणि मी विचारणारही नाही. स्वतःचं नाव लिहू न शकणाऱ्या माणसाच्या बोटात तो शब्द होता! डोक्याला विचारलं तर सापडत नव्हता, बोटाला मोकळं सोडलं तर सापडला. बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "माणसाच्या आत किती खोल्या असतात, आम्हालाही सगळ्या ठाऊक नसतात."

खात्यावर टोपणनाव होतं. इंग्रजी अक्षरांत, पण आपलंच — 'चष्मेवाला'. जगभरच्या शास्त्रज्ञांच्या दरबारात आमचे चष्मेवाले! मी हसायला लागले ते पदर तोंडात धरेपर्यंत. हेही हसले. आवाज काढून.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आजचं उत्तर जुळलं. त्या दुसऱ्या घरातल्या जोडीदाराचं टोपणनाव वाचता येत नाही, लिपीच निराळी. यांनी त्या नावाला डाव्या हाताने सलाम केला.

रविवार, २ मार्च

लेक आली होती. बापलेक पडद्यासमोर. तिने विचारलं, "बाबा, अजून एकही तारा सापडला नाही ना?" यांनी मान हलवली, नाही. "मग वाईट नाही वाटत?" तोंडाने 'नाही', मानेनेही नाही. पहिल्यांदाच दोन्हींचं एकमत!

मला आधी वाटलं होतं, इतकी वर्षं शोधून हाती काही नाही, म्हणजे फुकट. आज कळलं. इथे नाही, हेही कोणीतरी बघून सांगावंच लागतं. मी पान वाचते आणि चूक सापडत नाही, तेव्हा ते पान वाया जात नाही. ते पान शुद्ध होतं.

संध्याकाळी तिला बसमध्ये बसवून आले. दार उघडलं तर खोलीत अंधार, फक्त आकाश फिरतंय, आणि हे त्यासमोर. दिवा लावला नाही. चपला हातात घेऊन आत आले.

शुक्रवार, ७ मार्च

भूगोलाचं शेवटचं प्रूफ आज परत जायचं होतं. मी दोनदा वाचलेलं, संपादकांनी सही केलेलं. छापून घेतलेली पानं यांच्या मांडीवर ठेवली, मी चहा आणेपर्यंत नुसती धरायला.

परत आले तर एका पानावर बोट रोवलेलं. संध्याकाळचं चित्र. डावीकडे मावळता सूर्य, उजवीकडे आभाळात चंद्रकोर. बोट कोरीवर, तिथून सूर्यावर, पुन्हा कोरीवर.

"उलटा," म्हणाले.

स्पष्ट. माझ्याकडे बघून.

मी चष्मा पुसून बघितलं. चंद्राची उजळलेली कड सूर्याकडे पाठ करून होती! मी मजकूर वाचत राहिले, चित्र बघितलंच नाही. प्रकाशनवाल्यांना फोन केला — पान थांबवा, चूक आहे. त्यांनी विचारलं, कोणी धरली? सांगितलं.

उद्यापासून पानांच्या दोन प्रती काढायच्या. एक मला, एक यांना.